बेल्जियमची बिअर-सफर: आधी वार जुळवा, मग बिअर

बेल्जियमला बिअरसाठी जायचं म्हटलं की बहुतेकांची तयारी यादीपासून सुरू होते. चाळीस-पन्नास नावं जमतात, ‘जगात एक नंबर’ म्हणून कुणीतरी सांगितलेली बिअर सगळ्यात वर जाते, विमानाचं तिकीट निघतं, आणि तिथे पोचल्यावर कळतं की ज्या कॅफेसाठी दीड तास प्रवास केला त्याची आज सुट्टी आहे. तिथले चांगले कॅफे म्हणजे बरेचदा घरच्या माणसांनी चालवलेली छोटी दुकानं. आठवड्यातून एक-दोन दिवस ती बंद असतात, वर्षातून काही आठवडे मालकच सुट्टीवर जातो, आणि लांबून आलोय म्हणून कुणी दार उघडत नाही. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: आधी वार जुळवा.

२०१६ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत ‘बेल्जियममधली बिअर संस्कृती’ नोंदवली. बिअर गाळण्याइतकंच ती चाखणं, तिच्याबरोबर खाणं आणि तिच्यासाठी चारचौघांत जमणं त्यात येतं. थोडक्यात, तुम्ही बाटल्या मोजायला नाही, बसायला चालला आहात. आणि ‘बसणं’ आपल्याला कुणी शिकवायला नको.

पहिली पायरी: महिना आणि मुक्काम

सात रात्री पुरतात. चार असतील तर फक्त ब्रसेल्स आणि घेंट करा, बाकी सोडून द्या.

उन्हाळ्यात रस्त्यावरच्या टेबलांवर रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेडात बसता येतं, पण ब्रूजमध्ये गर्दी उसळलेली असते आणि बरेच छोटे कॅफे जुलै-ऑगस्टमध्येच वार्षिक सुट्टी घेतात. माझी पसंती ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर. बाहेर पाऊस, संध्याकाळी लवकर अंधार, आणि आत पिवळट दिव्यांचे, लाकडाने मढवलेले, वर्षानुवर्षांच्या धुराने भिंती काळपट झालेले जुने कॅफे. (धूर आता नाही, आत सिगारेट ओढायला २०११ पासून बंदी आहे. रंग मात्र राहिला.) याच दिवसांत ख्रिसमसच्या खास बिअर येतात आणि लॅम्बिक, म्हणजे हवेतल्या यीस्टने आंबणारी आंबट बिअर, बनवण्याचा हंगामही चालू असतो. थंडी अजिबात सोसत नसेल तर एप्रिल-मे घ्या.

मुक्काम दोनच ठिकाणी ठेवा: आधी तीन रात्री ब्रसेल्स, मग चार रात्री घेंट. ब्रूज सुंदर आहे हे मान्य, पण राहायला घेंट बरं. ते विद्यार्थ्यांचं, जागतं गाव आहे, ब्रूज तिथून रेल्वेने जेमतेम अर्धा तास आणि अँटवर्प तासाभरावर. रोज बॅग उचलून नवं हॉटेल गाठणाऱ्याला संध्याकाळ सापडत नाही, आणि या सफरीत सगळं काही संध्याकाळीच असतं.

आता एक कागद घ्या. सोमवार ते रविवार सात रकाने आखा. ज्या ज्या कॅफेत आणि ब्रुअरीत जायचंय त्यांचे उघडे वार त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून बघून भरा. नकाशाच्या ॲपवरच्या वेळांवर विसंबू नका. अर्ध्या तासात तुमची सफर त्या कागदावर स्वतःच आकार घेते, कारण काही गोष्टी एकाच वारी शक्य असतात. उदाहरणार्थ, ब्रसेल्सच्या पश्चिमेला आयझेरिंगेन नावाच्या खेड्यात चर्चजवळ एक लॅम्बिकचा कॅफे आहे. त्याच्या लांबलचक नावाचा अर्थ ‘मोठ्या तहानेविरुद्धचा विमा’. तो उघडतो रविवारी आणि चर्चच्या सणांना. तिथे जायचं तर रविवार ब्रसेल्समध्येच यायला हवा, आणि मग बाकीचा आठवडा त्याभोवती बसवायचा. परतीच्या बसची वेळही आधीच बघून ठेवा.

दुसरी पायरी: कागदपत्रं आणि विमान

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. शुल्क २०२४ च्या जूनपासून ९० युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण पंधरा दिवसांवर ठेवणारा माणूस आशावादी म्हणायचा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा. ॲमस्टरडॅम किंवा पॅरिस जोडणार असाल तर ज्या देशात रात्री जास्त, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार त्या देशाकडे.

एकेकाळी जेट एअरवेजने युरोपातला तळ ब्रसेल्सला केला होता, तेव्हा मुंबईहून थेट जाता यायचं. २०१६ मध्ये त्यांनी तो ॲमस्टरडॅमला हलवला. आता आखाती देशांतून किंवा एखाद्या युरोपीय विमानतळावरून बदलून जायचं. ॲमस्टरडॅमचं तिकीट स्वस्त मिळालं तर घ्या, तिथून ब्रसेल्स रेल्वेने दोन-अडीच तास. फक्त तिकिटावर ‘शार्लरुआ’ दिसलं तर सावध: त्यालाही ब्रसेल्सचा विमानतळ म्हणतात, पण तो शहरापासून पन्नासेक किलोमीटर लांब आहे. मुख्य विमानतळ झाव्हेंटेमचा, तिथून शहराच्या मध्यावर रेल्वे वीस मिनिटांत आणते.

तिसरी पायरी: ताकदीचा हिशेब

घाईत असाल तर बाकी काही वाचू नका, पण हे वाचा.

आपल्याकडची माइल्ड बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली पाच टक्क्यांची धरली तर तिच्यात साडेबत्तीस मिलिलिटर अल्कोहोल असतं. वेस्टमाल त्रिपेल या बिअरची बाटली ३३० मिलिलिटरची, पण ताकद ९.५ टक्के. म्हणजे त्या छोट्या बाटलीत एकतीस मिलिलिटरहून थोडं जास्तच. तुमच्यासमोर सोनेरी, फेसाळ, देखण्या ग्लासात जे आलंय ती आपल्या हिशेबाने एक अख्खी मोठी बाटली आहे. रोशफोर १० तर ११.३ टक्क्यांची. दुपारी कुणी अशा तीन घेतल्या तर संध्याकाळी त्याला घेंटचे किल्ले दोन दिसतात.

यात फसगत अशी की जास्त ताकदीच्या बिअर जड लागतीलच असं नाही. डूव्हेल दिसायला पिल्सनरसारखी, म्हणजे नेहमीच्या साध्या बिअरसारखी फिकट, चवीला खुसखुशीत, आणि आत ८.५ टक्के. नवख्यांची विकेट बहुतेकदा तिथेच पडते.

बिअर एवढ्या चढ्या का, यामागे एक गंमत आहे. १९१९ साली बेल्जियमने कॅफेत जिन-ब्रँडीसारखी कडक दारू विकायला बंदी केली. एमील व्हांदेरवेल्ड या समाजवादी मंत्र्याच्या नावाने तो कायदा ओळखला जातो, आणि तो १९८० च्या दशकापर्यंत टिकला. कडक दारू गेल्यावर गिऱ्हाइकाला कडक काहीतरी हवंच होतं. ब्रुअऱ्यांनी बिअरचीच ताकद वाढवली. जोरकस बेल्जियन बिअर फोफावण्याचं ते एक मोठं कारण मानलं जातं. दारूबंदीतून पळवाट कशी निघते हे परवान्याच्या राज्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

माझा नियम: दिवसाला तीन, फार तर चार ग्लास. पहिला दुपारी, पाच-सहा टक्क्यांचा. सगळ्यात जड बिअर सगळ्यात शेवटी, आणि त्यानंतर फक्त हॉटेलचा रस्ता. मध्ये पाणी प्या, पण ते मागावं लागतं आणि बहुतेक ठिकाणी विकत मिळतं. दोघं असाल तर एक बाटली वाटून घ्या. वेटर दुसरा ग्लास आणून देतो, निदान चेहऱ्यावर तरी काही दाखवत नाही.

गाडी भाड्याने घेणार असाल तर चालवणाऱ्याने प्यायचीच नाही असं घरून ठरवून निघा. रक्तात दर लिटरमागे ०.५ ग्रॅम ही मर्यादा आहे आणि सायकलवरही ती लागू होते. ‘सायकलच तर आहे’ हे तिथल्या पोलिसाला पटत नाही.

चौथी पायरी: कार्ड वाचता येऊ द्या

कॅफेत बसलात की हातात बिअरचं कार्ड येतं. कधी दोन पानांचं, कधी जाडजूड वहीच. सगळं समजायची गरज नाही, चार-पाच खुणा ओळखल्या की पुरे.

‘त्रापिस्त’ म्हणजे त्याच नावाच्या कॅथलिक साधुपंथाच्या मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली बनलेली बिअर. बाटलीवर षटकोनी शिक्का असतो. बेल्जियममध्ये असे पाच मठ आहेत: वेस्टमाल, वेस्टफ्लेटरेन, शिमे, ओरव्हाल आणि रोशफोर. पूर्वी आखेल हा सहावा होता. तिथे राहणारे साधू उरले नाहीत आणि २०२१ मध्ये शिक्का गेला. त्रापिस्त ही चव नव्हे हे मात्र ध्यानात ठेवा. ओरव्हाल कोरडी, कडवट आणि वर्षभरात चव बदलणारी. निळ्या लेबलची शिमे गडद, सुक्या मेव्याच्या वळणाची. दोघींमध्ये सारखा फक्त शिक्का.

‘मठाची बिअर’ म्हणून लेफसारखी जी नावं दिसतात ती वेगळी. मठाचं नाव वापरून ती साध्या, कधी कधी प्रचंड मोठ्या कंपन्या बनवतात. त्यात वाईट काही नाही, पण ती भारतातही मिळते. त्यासाठी व्हिसा कशाला?

‘डबेल’ म्हणजे तपकिरी, सात टक्क्यांच्या आसपास. ‘त्रिपेल’ म्हणजे सोनेरी आणि जास्त चढी. ‘वितबियर’ ही गव्हाची, गढूळ, धणे आणि संत्र्याची साल घातलेली. ही जात जवळपास नामशेष झाली होती. हूगार्डन गावात पियेर सेलिस या दूधवाल्याने १९६० च्या दशकात ती पुन्हा सुरू केली. ‘सेझाँ’ दक्षिणेकडच्या शेतांवरची, कोरडी. सेझाँ द्युपाँ मिळाली तर सोडू नका. पश्चिम फ्लांडर्सची आंबट लालसर बिअर प्यायची तर रोडेनबाख मागा. रूसेलारे गावात ती उंच ओक पिंपांत मुरवतात, आणि पाच-सहा टक्क्यांचीच असल्याने दुपारी चालते.

राहिली लॅम्बिक. ती खऱ्या अर्थाने दुसरीकडे कुठे नाही, म्हणून तिला वेगळी पायरी देतो.

आणखी एक: ‘पिंट’ मागितलीत तर अर्धा लिटर येणार नाही. २५० मिलिलिटरची साधी पिल्सनर येईल. सगळे स्थानिक लोक रोज तीच पितात, त्यामुळे कुणी तिच्यावरून तुम्हाला हसणार नाही.

पाचवी पायरी: ब्रसेल्स आणि लॅम्बिक

ब्रसेल्सच्या दक्षिण स्टेशनपासून, ज्याला फ्रेंचमध्ये मिदी म्हणतात, दहा मिनिटं चालत आंदरलेख्त भागात कांतियाँ ही ब्रुअरी आहे. १९०० साली सुरू झालेली, आजही त्याच कुटुंबाची. परिसर देखणा नाही. गाड्यांची गॅरेजं, ठोक मालाची दुकानं, आणि स्टेशनाजवळ खिसा सांभाळायचा. पण या सफरीत एकच ब्रुअरी बघणार असाल तर ही बघा.

तळमजल्यावर हातात एक पुस्तिका देतात आणि तुम्ही आपले आपण फिरता. खरी जागा वरती, छपराखाली. तिथे तांब्याचं एक भलंमोठं उथळ पातेलं आहे, खोलीभर पसरलेलं आणि गुडघ्याएवढंही खोल नाही. सातू आणि गव्हाचा उकळलेला रस थंडीच्या रात्री त्यात उघडा ओततात. छपरातल्या फटींतून हवा येते, आणि हवेतलं, लाकडातलं जे काही यीस्ट आहे ते रसात उतरतं. यीस्ट वेगळं घालत नाहीत. आंबोळीचं पीठ रात्रभर ठेवल्यावर ते आपलं आपण फुगतं, तसंच हे. फक्त इथे रात्रीनंतर तीन वर्षं थांबायचं. सकाळी रस लाकडी पिंपांत जातो आणि तिथेच मुरत राहतो. कोपऱ्यांतली जळमटं काढत नाहीत, कारण कोळी माश्या-चिलटांचा बंदोबस्त करतात. गरम दिवसांत हवेत नको ते जंतू जास्त, म्हणून हे काम साधारण ऑक्टोबरअखेर ते एप्रिल एवढंच चालतं.

एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेली लॅम्बिक एकत्र करून बाटलीत पुन्हा आंबवली की होते ‘ग्यूझ’. आंबट चेरी घालून मुरवली की ‘क्रीक’. पहिला घोट घेतल्यावर बहुतेक भारतीय चेहरे वाकडे होतात. घोट कडक, आंबट, किंचित तबेल्याच्या वासाचा, गोडवा औषधालाही नाही. दुसरा ग्लास दुसऱ्या दिवशी घ्या, मग मत बनवा. ताकद पाच-सहा टक्के, त्यामुळे दुपारच्या जेवणाआधी अगदी योग्य.

दुकानात किंवा कार्डावर ‘आउडे’ हा शब्द शोधा. ‘आउडे ग्यूझ’ किंवा ‘आउडे क्रीक’ लिहिलं असेल तर ती खरी, साखर न घातलेली. या नावाला युरोपीय संघाचं संरक्षण आहे. नुसतं ‘क्रीक’ असेल तर सरबताच्या जवळ जाणारं काहीतरी हातात येऊ शकतं.

लॅम्बिकची आणखी घरं शहराबाहेर आहेत: बेयर्सेलजवळ द्री फोन्तेनेन, लेम्बेकला बून, फ्लेझेनबेकला लिंडेमान्स. दर दोन वर्षांनी ‘तूर द ग्यूझ’ नावाचा सोहळा होतो. तेव्हा या ब्रुअऱ्या दारं उघडतात आणि एकीकडून दुसरीकडे न्यायला बस असतात. तुमच्या तारखा त्याला धरून जमत असतील तर त्याच्याभोवतीच सगळी सफर आखा.

ब्रसेल्सच्या कॅफेंपैकी ‘आ ला मोर्त स्युबित’मध्ये संध्याकाळी पाचला जाऊन बसा. सध्याची जागा १९२८ ची; लांब दालन, आरसे, ओळीने लावलेली लाकडी टेबलं. जवळच्या बँकेतले कारकून इथे फाशांचा खेळ खेळायचे, आणि कामावर परतायची वेळ झाली की शेवटच्या एकाच फेकीत निकाल लावायचे. त्या ‘अकस्मात मरणा’वरून कॅफेचं नाव पडलं. ‘मूडर लॅम्बिक’मध्ये कार्ड निवडक आणि वेटर जाणकार, काय हवंय ते चवीच्या भाषेत सांगा, तो आणून देतो. मानेकेन पिसच्या पुतळ्यासमोरचा ‘पुशनेलकेल्डर’ पर्यटकांच्या तोंडावर असूनही चांगला आहे, छताला कठपुतळ्या लटकतात.

डेलिरियम कॅफेचं नाव सगळे सांगतात. २००४ मध्ये २,००४ प्रकारच्या बिअर ठेवून त्यांनी गिनीजचा विक्रम केला होता. बघायचा तर दुपारी बघा. रात्री तिथे बिअर कमी आणि कोपर जास्त लागतात.

सहावी पायरी: कॅफेत वागायचं कसं

आत शिरा, मोकळी जागा दिसली की बसा. काउंटरवर जाऊन मागायची पद्धत साधारणपणे नाही, वेटर येतो. येत नसेल तर चुटकी वाजवू नका, नजर मिळवा. जुन्या कॅफेंत घाई नावाची गोष्ट नसते. एका ग्लासावर तासभर बसलात तरी कुणी उठवत नाही. टिप बंधनकारक नाही, वरची चिल्लर ठेवली तरी पुरते. शौचालयासाठी काही ठिकाणी नाणी लागतात, तेवढी खिशात असू द्या. चांगल्या बिअरला शहरात पाच-सहा युरो धरा.

प्रत्येक बिअरला तिचा स्वतःचा ग्लास असतो आणि यात कॅफेवाले विलक्षण काटेकोर. त्या बिअरचा ग्लास दुसऱ्या टेबलावर अडकला असेल तर ‘जरा थांबाल का’ असं विचारणारेही भेटतात. क्वाक या बिअरचा ग्लास खाली गोल फुगा असलेला, लाकडी घोडीत उभा; शेवटचा घोट जपून घ्या, फुग्यातली हवा एकदम वर येते आणि बिअर तोंडावर उडते.

ओरव्हाल ओततानाचं दृश्य मुद्दाम बघा. वेटर ग्लास आधी थंड पाण्यात बुचकळतो, झटकतो, तिरका धरतो आणि बाटली हळूहळू कलती करत नेतो. ग्लास सरळ होईपर्यंत वर दोन बोटं फेस उभा राहिलेला असतो. बाटलीत बोटभर बिअर तळाशी मुद्दाम ठेवून तो ती ग्लासाशेजारी, लेबल तुमच्याकडे करून ठेवतो. त्या तळाच्या बिअरमध्ये यीस्टचा गाळ असतो. तो ओतायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवायचं. मी आधी स्वच्छ पितो, मग शेवटी गाळ घालतो. फेस कमी करून द्या असं सांगू नका. मापाची खूण ग्लासावर आहे, कुणी फसवत नाही.

चकण्याला चीजचे चौकोनी तुकडे मिळतात, सोबत मोहरीची चटणी आणि सेलरीचं मीठ. ग्यूझबरोबर ब्रेडवर ताजं पांढरं चीज आणि मुळ्याच्या चकत्या मागा, ब्रसेल्सची ती जुनी जोडी आहे आणि शाकाहारीही. शाकाहाऱ्यांनी एक गोष्ट विचारूनच खावी, ती म्हणजे तिथले जगप्रसिद्ध बटाट्याचे फ्रीत. पारंपरिक दुकानांत ते गोमांसाच्या चरबीत तळतात. वनस्पती तेल वापरणारी दुकानंही आहेत, पण विचारल्याशिवाय कळत नाही. मांसाहाऱ्यांसाठी गडद बिअरमध्ये शिजवलेलं स्टू सगळीकडे असतं, ते गोमांसाचं.

सातवी पायरी: घेंट, ब्रूज, अँटवर्प

रेल्वेत एक गोंधळ होतो. उत्तरेच्या फ्लांडर्समध्ये पाट्या डच, दक्षिणेच्या वालोनियात फ्रेंच, आणि गावांची नावं दोन्हीकडे वेगळी. मोंस म्हणजे बेर्गन, कूर्त्रे म्हणजे कोर्ट्रेइक, ईप्र म्हणजे ईपर. तिकीट काढायच्या आधी दोन्ही नावं फोनमध्ये लिहून ठेवा. देशांतर्गत गाड्यांना आरक्षण लागत नाही. चुकली तर पुढची.

घेंटला फ्रायडाखमार्क्ट चौकात ‘दुले ग्रीत’ आहे. तिथली घरची बिअर सव्वा लिटरच्या आसपास मावणाऱ्या ग्लासात येते, आणि ग्लास पळवला जाऊ नये म्हणून अनामत म्हणून तुमचा एक बूट घेतात. तो टोपलीत घालून घंटा वाजवत छताला चढवतात. गंमत म्हणून ठीक, पण चांगले मोजे घालून जा. त्यानंतर शांत बसायला पाण्याकाठचा ‘वॉटरहाउस आन द बियरकांत’ बरा. ‘ग्रूट’ ही छोटी शहरी ब्रुअरी हॉप्सऐवजी (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) इतर वनस्पतींच्या मसाल्यावर बिअर बनवायची जुनी पद्धत धरून आहे.

ब्रूजमध्ये ‘हाल्व्ह मान’ ब्रुअरी बघा. जुन्या गल्ल्यांतून टँकर नेणं अवघड झालं म्हणून त्यांनी २०१६ मध्ये ब्रुअरीपासून शहराबाहेरच्या बाटली-कारखान्यापर्यंत सुमारे तीन किलोमीटरची बिअरची पाइपलाइन जमिनीखाली टाकली. लोकांनी वर्गणी दिली; मोठी रक्कम देणाऱ्यांना आयुष्यभर बिअर. संध्याकाळ मात्र ‘ब्रुख्स बेअर्ट्ये’साठी राखून ठेवा. १९८३ पासूनचा, दोन खोल्यांचा, जेमतेम मावणारा कॅफे, कार्डावर शेकड्यांनी बिअर. उघडायच्या वेळेलाच दारात उभे राहा.

अँटवर्पला ‘बोलेके’ मागा: द कोनिंक ब्रुअरीची तांबूस, पाच टक्क्यांच्या आसपासची, गोल ग्लासातली बिअर. मुख्य स्टेशनाला लागूनच हिऱ्यांचा बाजार आहे. मुंबई-सुरतेशी बांधलेले गुजराती जैन व्यापारी इथे कित्येक वर्षं आहेत, त्यामुळे चार दिवस चीजवर काढलेल्या शाकाहारी माणसाला इथे वरण-भाताच्या जवळचं काहीतरी नक्की मिळतं.

आठवी पायरी: मठ एकच निवडा

पाचही मठ करायचे असं ठरवून निघणारे सगळा वेळ गाडीत घालवतात. मठाच्या आत ब्रुअरी सहसा दाखवत नाहीत. जे बघायचं ते समोरच्या कॅफेत. रोशफोरला तर तसा कॅफेही नाही.

सगळ्यात सोपा वेस्टमाल: अँटवर्पहून बस, तासाभराच्या आत. समोर ‘कॅफे त्रापिस्तन’. तिथे डबेल आणि त्रिपेल अर्धी-अर्धी मिसळून देतात, ती मागा.

ओरव्हालचा मठ सुंदर आहे, पण फ्रान्सच्या सीमेजवळ जंगलात, गाडीशिवाय अवघड. तिथल्या ‘आंज गार्दियाँ’ कॅफेत ‘हिरवी’ म्हणतात ती हलकी ओरव्हाल मिळते, ती दुसरीकडे मिळत नाही. एवढ्यासाठी मुद्दाम जाल का हे तुमच्या वेडावर.

माझी निवड वेस्टफ्लेटरेन. घेंटहून कोर्ट्रेइकमार्गे पोपेरिंगे, हॉप्सच्या मळ्यांचं गाव. तिथून मठ सहा-सात किलोमीटर, सपाट शेतरस्ता. समोरच्या ‘इन द व्रेद’ कॅफेत तिन्ही बिअर मिळतात, ५.८ टक्क्यांची ‘ब्लाँड’, ८ टक्क्यांची ‘८’ आणि १०.२ टक्क्यांची ‘१२’. सगळे ‘१२’साठी येतात. मी ब्लाँडने सुरुवात करा म्हणेन. खोके भरून बिअर मठातून घ्यायची तर ऑनलाइन नोंदणी, गाडीचा नंबर वगैरे लागतं. तो रस्ता पर्यटकाचा नाही. कॅफेतल्या दुकानात बाटल्या मिळाल्या तर आपलं नशीब. शुक्रवार टाळा, आणि बाकीचे वार निघण्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा तपासा.

परतताना त्याच रेल्वेमार्गावर ईपरला उतरा. पहिल्या महायुद्धात ज्यांची थडगीही सापडली नाहीत अशा सैनिकांची नावं मेनिन गेट या स्मारक-कमानीवर कोरली आहेत. त्यात भारतीय सैनिकही आहेत. रोज रात्री आठला तिथे बिगुल वाजतं. हे भानावर राहून करायचं काम, म्हणून त्या दिवशी दुपारी एकच ग्लास.

शेवटची पायरी: बाटल्या घरी आणणं

भारतात येताना माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं आणि बिअर त्यात धरली जाते. ३३० मिलिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर; बरोबर सहाच. ग्यूझची ७५० ची बाटली घेतली तर दोन मोठ्या आणि एक छोटी, १.८३. विमानतळावर येईपर्यंत विकत घेतलेलं सगळं चेक-इन सामानात घाला, केबिनमध्ये जात नाही. शहरातल्या सुपरमार्केटमध्ये नेहमीच्या त्रापिस्त कॅफेच्या निम्म्याहून कमी दरात मिळतात, म्हणून जागा दुर्मिळ बाटल्यांसाठी वापरा आणि शिमे तिथेच प्या.

प्रत्येक बाटली आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग जाड मोज्यात, मग बॅगेच्या मधोमध कपड्यांत. बुचाच्या बाटल्यांवर तार असते ती काढू नका. घरी पोचल्यावर उभ्या ठेवा, आठवडाभर हलवू नका, गाळ खाली बसू द्या. आणि मे महिन्यात माळ्यावर तर मुळीच ठेवू नका. ग्लास हवा असेल तर ब्रुअरीच्या दुकानात विकत मिळतो.